व्यंगचित्रकाराची मालकी : ‘मार्मिक’ आणि मराठी नियतकालिकांतील चित्रांच्या स्वामित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांचा इतिहास प्रामुख्याने संपादकांच्या व लेखकांच्या अंगाने लिहिला गेला आहे. चित्रकाराचा उल्लेख येतो तो बहुधा ‘सजावट’ या सदराखाली. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून कथा, कविता, विनोद, प्रवासवर्णन आणि चित्र एकाच मुखपृष्ठाखाली आणण्याची प्रथा रूढ झाली. अशा अंकाचा मालक कोण, याविषयी सहसा संदिग्धता नसे. मात्र अंकातील चित्राचा मालक कोण, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाला मराठी व्यंगचित्रकारांनी दिलेल्या दोन भिन्न उत्तरांचा विचार केला आहे. पहिले उत्तर म्हणजे अंकच आपल्या मालकीचा करणे आणि दुसरे म्हणजे अंक दुसऱ्याचा, परंतु रेषा आपली राखणे.

कायद्याची चौकट

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १७ येथे लक्षात घ्यावे लागते. वृत्तपत्राच्या वा मासिकाच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीने त्या नियतकालिकासाठी केलेल्या कलाकृतीचा नियतकालिकांतील प्रसिद्धीपुरता हक्क, विरुद्ध करार नसेल तर, मालकाकडे जातो. इतर सर्व बाबतींत तो निर्मात्याकडेच राहतो. म्हणजे दैनिकात पगारावर असलेल्या व्यंगचित्रकाराला आपल्या चित्रांचे पुस्तक काढता येते, पण तेच चित्र दुसऱ्या दैनिकाला देता येत नाही. नोकरीत नसलेल्या, मानधनावर चित्र देणाऱ्या कलावंताची स्थिती अधिक बळकट असते, कारण हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. तथापि त्याच कलमात मोबदला देऊन करवून घेतलेल्या ‘पेंटिंग’चा पहिला मालक ते करवून घेणारा होय, अशीही तरतूद आहे. आतील पानावरचे रेखाचित्र चित्रकाराचे, पण रंगीत मुखपृष्ठ ‘पेंटिंग’ ठरल्यास ते प्रकाशकाचे, असा चमत्कारिक अर्थ त्यातून निघू शकतो. दिवाळी अंकांची कीर्ती मुखपृष्ठांवर उभी असल्याने हा भेद केवळ शाब्दिक नाही.

‘मार्मिक’ची घडण

बाळ केशव ठाकरे (१९२६–२०१२) हे मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते. आर. के. लक्ष्मण हेही काही काळ तेथेच होते. व्यवस्थापनाशी मतभेद झाल्यावर ठाकरे यांनी नोकरी सोडली आणि बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समितीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रबोधनकारांच्या पुत्रांनी चव्हाणांना पाचारण करावे आणि त्यांनी यावे, यात त्या काळच्या सार्वजनिक जीवनातील एक मोकळेपणा दिसतो.

चित्रकार, संपादक आणि मालक या तिन्ही भूमिका एकाच घरात असल्यामुळे ‘मार्मिक’चे रूप दैनिकातील चौकटीपेक्षा निराळे झाले. मुखपृष्ठावर मोठे राजकीय व्यंगचित्र असे, तर मधल्या जोडपानावर ‘रविवारची जत्रा’ भरे. एका विषयावरील एकच चित्र न काढता आठवड्यातील अनेक घडामोडींची लहानमोठी चित्रे तेथे एकत्र मांडली जात. वाचकाची नजर जत्रेतल्यासारखी एका चित्रावरून दुसऱ्यावर फिरत राही. दैनिकाचा संपादक व्यंगचित्रकाराला इतकी जागा देणे कठीणच होते. श्रीकांत ठाकरे हे व्यंगचित्रकार तसेच संगीतकार. ते ‘शुद्धनिषाद’ या नावाने चित्रपट परीक्षणे लिहीत. प्रबोधनकारांच्या लेखनालाही येथे स्थान होते. राजकीय चित्र, हास्यचित्र, चित्रपट परीक्षण, वैचारिक लेख आणि उपहासात्मक सदर असे विविध प्रकार व्यंगचित्रकाराच्या स्वतःच्या छत्राखाली एकत्र आले, हे ‘मार्मिक’चे ऐतिहासिक महत्त्व होय.

परंतु मालकीने दिलेली ही मोकळीक पुढे कोणत्या दिशेने गेली, हेही पाहिले पाहिजे. ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मुंबईतील कार्यालयांतील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. मराठी तरुणांच्या बेकारीची व्यथा खरी होती. पण व्यंगचित्र सत्ताधाऱ्याला लक्ष्य करते, तर यादी कचेरीतल्या माणसाला त्याच्या आडनावावरून लक्ष्य करते. हा फरक लहान नाही. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली आणि साप्ताहिक हे संघटनेचे मुखपत्र बनले. नोकरीतील चित्रकारावर मालकाचे दडपण असते. येथे मालक झालेल्या चित्रकारावर त्याच्याच चळवळीचे दडपण आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या संदर्भात दिल्लीच्या ‘शंकर्स वीकली’शी तुलना उद्‌बोधक ठरते. के. शंकर पिल्लै यांनीही दैनिकाची नोकरी सोडून १९४८ मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले. कुट्टी, अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन अशा अनेकांची रेषा त्या परिसरात तयार झाली. आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, शंकर यांनी ते बंद केले. ‘मार्मिक’ टिकले, मात्र ते मुख्यतः एका कुटुंबाच्याच हाताचे राहिले. साप्ताहिकाचे आयुष्य आणि त्यातील रेषांचे वैविध्य या गोष्टी एकत्र वाढतातच असे नाही.

दुसरा मार्ग : सीमाभागातील एक चित्रकार

शिरोळ तालुक्याच्या सीमेपलीकडे, दूधगंगेच्या खोऱ्यातील भोज या बेळगाव जिल्ह्यातील गावी २९ जुलै १९२५ रोजी शि. द. फडणीस यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात आणि कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. (वसंत सरवटे यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९२७ चा; या परिसराने मराठी व्यंगचित्रकलेला काय दिले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.) फडणीसांनी स्वतःचे नियतकालिक काढले नाही. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ या मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांची शब्दविरहित रंगीत हास्यचित्रे येत राहिली आणि घराघरांत ओळखीची झाली.

दिवाळी अंक हा अल्पायुषी असतो. पुढच्या दिवाळीस तो रद्दीत जातो. काही विनोद तर अंकाच्या कागदालाच बांधलेले असतात. ‘आवाज’मधील खिडकीचित्र पान कापल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे ते अंकापासून वेगळे करणे अवघड. फडणीसांच्या चित्राला मथळा नको, संदर्भ नको, अंकही नको. ते मुखपृष्ठावरून उतरवून भिंतीवर लावता येते. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरवून नेमके हेच केले. पुढे ते प्रदर्शन गावोगावी फिरले, त्याच नावाचे पुस्तक निघाले, आणि ‘चित्रहास’ या कार्यक्रमातून तीच चित्रे पडद्यावर दाखवली गेली. एकदा छापून झालेले चित्र चित्रकाराच्या हाती परत आले होते, आणि मराठी न वाचणारा प्रेक्षकही त्यासमोर उभा राहून हसू शकत होता.