भिशीच्या पैशातून गाणं, समुद्र आणि मोटरसायकल

गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला, की नावं ठरलेली असतात. पंढरपूर, तुळजापूर, शेगाव, फार तर महाबळेश्वर. पण आता आपल्या मुली स्कूटी आणि मोटरसायकल चालवतात, मोबाइलवर देशोदेशीची गाणी ऐकतात. त्यांच्यापैकी काही जणी आम्हाला विचारतात, "ताई, गाणं आणि मोटरसायकल या दोन आवडींसाठी परदेशात जायचं, तर कुठं जायचं?" आज त्याबद्दलच बोलू.

आम्ही सुचवू इंग्लंडचा वायव्य भाग आणि त्याच्याजवळचं बेट, म्हणजे लिव्हरपूल बंदर, समुद्रातलं आयल ऑफ मॅन बेट आणि ब्लॅकपूलचा किनारा. गाणं आणि मोटरसायकल तर तिथं आहेच. शिवाय या भागात सहलीला जायची रीत रुजवली ती गिरणीत राबणाऱ्या बायांनी आणि पुरुषांनी, आणि तीही आठवड्याच्या बचतीतून. म्हणून हा इतिहास आपल्याला जवळचा आहे.

या मुलखाचं नाव लँकेशायर. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथं कापडाच्या गिरण्याच गिरण्या होत्या. मागावर काम करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. कापूस यायचा लिव्हरपूल बंदरात, मुख्यतः अमेरिकेतून. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या, मजुरांच्या चुली विझल्या. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आपल्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे वळली. भाव चढले. पुढं 1870 मध्ये खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, तोही याच ओढीतून. म्हणजे आपल्या पणजीनं वेचलेलं बोंड आणि लँकेशायरच्या बाईनं विणलेलं कापड, यांचं नातं जुनं आहे.

त्या गिरणगावांत वर्षातून एक आठवडा 'वेक्स' नावाची सुट्टी असायची. मूळ ती गावच्या चर्चची जत्रा, आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखी. पुढं गिरण्या आल्या आणि जत्रेच्या आठवड्यात अख्ख्या गावाच्या गिरण्या एकदम बंद ठेवायची पद्धत पडली. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. गावच्या गाव रेल्वेत बसून समुद्राकडे निघायचं. 1846 मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे पोचली आणि ही वाट सोपी झाली.

पण पैसा कुठून यायचा? सुट्टीचा पगार मिळत नसे. भरपगारी रजेचा कायदा तिथं 1938 मध्ये झाला. त्याआधी सुट्टीचा आठवडा म्हणजे मजुरी बुडणार आणि वर खर्च. यावर त्यांनी उपाय काढला तो आपल्या भिशीसारखा. गिरणीत, गल्लीत बचत मंडळं असत. दर आठवड्याला थोडी पेनी जमा करायची आणि वेक्सच्या आधी सगळी रक्कम हातात घ्यायची. हा पैसा सहलीचाच. बियाण्याचा नाही, दवाखान्याचा नाही.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबून विचार करू. आपल्या गटात बचत कशाला होते? मुलांची फी, शेळी, शिलाई मशीन, आजारपण. ते बरोबरच आहे. पण बाईनं स्वतःच्या आनंदासाठी चार पैसे बाजूला टाकले, की लगेच "ही चैन कशाला?" असं ऐकावं लागतं. त्या गिरणीतल्या बायका आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हत्या. दिवसभर मागांच्या आवाजात उभं राहून कानाला दडे बसायचे, ओठांच्या हालचालीवरून एकमेकींचं बोलणं ओळखावं लागायचं. तरी वर्षातला एक आठवडा आपला, हे त्यांनी ठरवून घेतलं होतं. याच बायकांनी 1901 मध्ये मताच्या हक्कासाठी अर्ज केला, त्यावर 29 हजारांहून जास्त कामगार स्त्रियांच्या सह्या होत्या. स्वतःसाठी मागायची सवय लागली, की ती एकाच गोष्टीपुरती राहत नाही.

ब्लॅकपूलला उतरायचं कुठं? तर घरगुती खानावळीत. त्या बहुतेक बायकाच चालवायच्या. पाहुणे आपला शिधा स्वतः आणायचे, घरमालकीण तो शिजवून द्यायची आणि खोलीचं भाडं घ्यायची. काही जणी मेजावरच्या मीठ-मिरीचेही वेगळे पैसे लावायच्या! लोक त्यावरून विनोद करत, पण हजारो बायकांचा संसार या धंद्यावर उभा राहिला. घरातलं रोजचं काम, त्याचाच व्यवसाय.

ब्लॅकपूलला 1894 मध्ये 158 मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभा राहिला. त्याच्या पायथ्याच्या इमारतीत नाचाचं भव्य दालन आहे, आजचं रूप 1899 चं. छतावर चित्रं, सोनेरी नक्षी, जणू राजवाडाच. आणि तो खुला कोणाला? तिकीट काढणाऱ्या गिरणी कामगाराला. तिथं 1929 मध्ये मोठा ऑर्गन बसवला. 1930 पासून 40 वर्षं रेजिनाल्ड डिक्सन नावाचे वादक तो वाजवत होते. 1956 मध्ये दालनाला आग लागली, पण दोन वर्षांत ते पुन्हा सुरू झालं. आजही तिथं ऑर्गनवर लोक जोडीनं नाचतात.

याच मुलखातली गायिका ग्रेसी फील्ड्स. 1898 मध्ये रॉचडेल गावात आजीच्या तळलेल्या माशांच्या दुकानावरच्या घरात जन्मली. लहानपणी अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. पुढं ती ब्रिटनची सगळ्यात महागडी चित्रपट तारका झाली. 1934 च्या 'सिंग अ‍ॅज वी गो' या चित्रपटात गिरणी बंद पडल्यावर काम शोधायला ब्लॅकपूलला जाणारी मुलगी तिनं साकारली. खऱ्या गिरण्याही तेव्हा बंद पडत होत्या. त्यात आपल्याकडच्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराचाही वाटा होता. 1931 मध्ये गांधीजी लँकेशायरला डार्वेन भागात गेले. ज्यांची रोजी बुडाली होती, त्याच गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या असल्याचा फोटो प्रसिद्ध आहे. आपली उपासमार त्यांनी सांगितली, गांधीजींनी आपल्या गावांची सांगितली.

आता मोटरसायकल. लिव्हरपूलहून बोटीनं साधारण पावणेतीन तासांत आयल ऑफ मॅन. हे बेट ब्रिटिश राजाच्या छत्राखाली असलं, तरी त्याची संसद वेगळी. 1881 मध्ये मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना या संसदेनं मत दिलं, इंग्लंडच्या कितीतरी आधी. आणि याच वेगळ्या संसदेमुळं इथं मोटरसायकलची शर्यत आली. इंग्लंडमध्ये ताशी 20 मैलांची मर्यादा होती, शर्यतीसाठी रस्ता बंद करता येत नसे. बेटानं परवानगी दिली. 28 मे 1907 ला पहिली 'टीटी' शर्यत झाली. चार्ली कॉलियर जिंकले, ताशी सुमारे 61 किलोमीटर वेगानं. आज सर्वात वेगवान स्वार ताशी 215 किलोमीटरच्या वर जातात. 1911 पासून वापरात असलेला डोंगरवाट मार्ग सुमारे 60 किलोमीटरचा, घरांच्या भिंतींना लागून. या मार्गावर आजवर 250 हून अधिक स्वारांचा जीव गेला आहे, तेही विसरू नये.

या शर्यतीत बायका? 1954 मध्ये जर्मनीच्या इंगे स्टॉल साइडकारमधून उतरल्या. 1962 मध्ये बेरिल स्वेन एकटीनं मोटरसायकल चालवत शर्यतीत आल्या. इंजिन 50 सीसी, आपल्या लूनाएवढं. त्या 22 व्या आल्या, शर्यत पूर्ण केली. त्यानंतर बाईला इजा झाली तर बोभाटा होईल, या कारणावरून त्यांचा परवानाच काढून घेतला. मरत होते पुरुष, आणि बंदी आली बाईवर! पुढची बाई एकटीनं धावली ती 1978 मध्ये, हिलरी मसन. 2010 मध्ये जेनी टिनमथ यांनी ताशी सुमारे 193 किलोमीटरनं फेरी मारली. "तुझ्याच काळजीपोटी" म्हणून दार बंद करायची रीत फक्त आपल्या गावातली नाही.

गाणं आणि मोटरसायकल एकत्र पाहायची असेल, तर 1935 चा 'नो लिमिट' हा चित्रपट आहे. गायक-विनोदवीर जॉर्ज फॉर्म्बी त्यात स्वतः बनवलेली मोटरसायकल घेऊन याच शर्यतीत उतरतो.

लिव्हरपूलला कॅव्हर्न क्लब पाहायचा. गोदामाखालचं तळघर, 1957 मध्ये सुरू झालं. बीटल्स तिथं 1961 पासून शेकडो वेळा गायले. पुढं 1968 मध्ये तेच ऋषिकेशला आले होते. जुनी जागा 1973 मध्ये बंद झाली, 1984 मध्ये जुन्या विटा वापरून पुन्हा उभारली. तिथं लोकांचे कोट सांभाळणारी एक टंकलेखिका होती, सिला ब्लॅक. तीही पुढं नावाजलेली गायिका झाली.

आता बेत कसा आखायचा? शर्यत मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला असते, खोल्या महिनोनमहिने आधी भरतात. आधी लिव्हरपूल, मग बोटीनं बेट, परत येताना हेशॅम बंदरात उतरून ब्लॅकपूल. पासपोर्ट आणि ब्रिटनचा व्हिसा लागतो. व्हिसाला तुमची कमाई आणि बचत कागदावर दाखवावी लागते. म्हणजे खातं स्वतःच्या नावावर हवं आणि त्यात नियमित नोंदी हव्यात. हे तर आपण गटात शिकलोच आहोत.

सगळ्या जणी इंग्लंडला जाऊ असं आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या बैठकीत एक करू या. वहीत 'सहल' असा वेगळा रकाना आखू या, आठवड्याला दहा रुपये का असेना. त्या पैशातून कोणी गणपतीपुळ्याचा समुद्र बघेल, कोणाची लेक एक दिवस बोटीनं त्या बेटावर उतरेल. रकाना मात्र आपल्या नावाचा असावा, आणि त्यातला पैसा दुसऱ्या कामाला काढायचा नाही, असा ठराव सह्या करून लिहून ठेवावा.