तापीचा काठ, गळ आणि हक्क

१/
अंदमान किंवा लक्षद्वीपला सुट्टीसाठी गेलेला पर्यटक हल्ली संध्याकाळी किनाऱ्यावर उभा राहून गळ टाकतो. मासा लागला तर छायाचित्र काढावे. नाही लागला तरी वेळ सुखात गेला, असे मानावे. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशाचा या छंदाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. काठावरून मासे धरण्याच्या येथील इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: त्या काठावर उभे राहण्याचा हक्क कोणाचा?

२/
आधी भूगोल. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. चांगदेव येथे पूर्णा तिला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई. उन्हाळ्यात यांतील बहुतेक नद्यांची धार आटते आणि खडकांतील खोल डोह तेवढे उरतात. मासे त्या डोहांत दाटीने राहतात. म्हणून नाव नसलेल्या माणसालाही काठावर बसून मासा धरता येतो. खानदेशी मासेमारीचा पाया या डोहांनी घातला.

३/
या पायाची सर्वांत जुनी खूण मातीच्या भांड्यांवर आहे. तापीकाठच्या सावळदा या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. तिचा काळ इ.स.पू. २००० च्या आगेमागे. साक्री तालुक्यातील कावठे येथेही तिचे अवशेष उत्खननात मिळाले. या भांड्यांवरील काळ्या रंगाच्या चित्रांत मासे, बाणांची टोके आणि काटेरी भाल्यासारखी हत्यारे दिसतात. चित्रावरून मासेमारीची नेमकी रीत सिद्ध होत नाही. पण मासा या लोकांच्या रोजच्या जगात होता, एवढे निश्चित म्हणता येते.

४/
पुढचा थांबा सुमारे तीन हजार वर्षांनंतरचा. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, अशी त्याची रचना. खानदेशाचा मोठा भाग ज्यात येत असे त्या सेऊणदेशाचे यादव त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते.

५/
या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे आणि त्याचा विषय आहे गळाने मासे धरणे. सागरी आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, असे माशांचे वर्गीकरण त्यात येते. काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचा विचार येतो. मासे एका ठिकाणी येत राहावेत म्हणून तेथे आधीपासून खाद्य टाकण्याची युक्तीही येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

६/
येथे ‘विनोद’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे. त्याचा अर्थ मन रमवणे. राजासाठी गळ हा करमणुकीचा प्रकार होता आणि म्हणूनच तो ग्रंथात आला. त्याच काळी पोटासाठी गळ टाकणाऱ्यांचे ज्ञान मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ते बापाकडून लेकाकडे, डोहाकाठी बसूनच गेले.

७/
खानदेशात हे ज्ञान प्रामुख्याने भोई, कोळी आणि भिल्ल समाजांकडे होते. भोई पालखी वाहत आणि मासेही धरीत. सातपुड्यातील भिल्ल धनुष्यबाणाने मासा टिपत, ओढ्यात बांबूचे सापळे लावीत. काही वनस्पतींची साल किंवा फळे ठेचून आटत्या डोहात टाकायची, मासे गुंगून वर आले की सर्वांनी मिळून वेचायचे, हीही एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात घरातले धान्य संपत येई, तेव्हा या माशांचा मोठा आधार असे.

८/
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कारभाराचे ठाणे धुळ्याला बसले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. औट्रम नामांकित शिकारी होता, आणि शिकारीतून भिल्लांशी त्याची जवळीक वाढली. जंगलाची वाट आणि डोहाची खोली साहेबाला भिल्लच दाखवीत असे. अजून तरी दोघे एकाच काठावर उभे होते.

९/
माशांच्या बाबतीत असेच घडले. कर्नल विल्यम साइक्स याने भीमेच्या खोऱ्यातील माशांचे शास्त्रीय वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. अनेक जातींना त्याने येथील मासेमारांच्या तोंडची नावे दिली. महसीरच्या एका जातीचे ‘खुद्री’ आणि दुसऱ्या एका माशाचे ‘कोलस’ हे नाव आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहे. जातीपुढे नाव साइक्सचे लागले. ज्यांनी मासे ओळखून दिले त्यांची नावे राहून गेली.

१०/
१८७३ मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक निघाले. महसीर हा साहेबलोकांचा मानाचा मासा ठरला: ताकदवान, झुंजार, दोरी ताणून धरणारा. तापी-नर्मदेच्या खडकाळ पात्रांतही तो होता. रजेच्या दिवसांत नदीकाठी तंबू ठोकून गळ टाकणे हा अधिकाऱ्यांचा प्रतिष्ठित छंद बनला. सोमेश्वराचा ‘विनोद’ नव्या वेषात परतला.

११/
पण आता विनोदामागे कायदा उभा राहिला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे धरणे आणि पाण्यात विष कालवणे हे गुन्हे ठरवले. सातपुड्यातील मोठे पट्टे राखीव झाले, तेव्हा त्यांतले ओढे आणि डोहही आपोआप सरकारी नियमांखाली गेले. पिढ्यान्‌पिढ्या जे आपले मानले, तेथे परवानगी लागू लागली.

१२/
त्यानंतर १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंगाने किंवा विष, चुना टाकून मासे मारल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे मजुराची वर्षभराहून अधिक कमाई.

१३/
कायद्यामागील कारण खोटे नव्हते. फ्रान्सिस डे याने १८७३ च्या आपल्या अहवालात माशांच्या पिलांच्या नाशाबद्दल इशारा दिला होता, आणि सुरुंग तर सगळा डोहच रिकामा करतो. पण रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधकामाबरोबर आलेला सुरुंग आणि वर्षातून एखादवेळी गावाने ठेचलेली साल, यांना एकाच कायद्याने एकाच शिक्षेत बसवले. छंदाच्या गळाला मात्र या कलमांची झळ पोहोचली नाही.

१४/
स्वातंत्र्यानंतर नदीच बदलली. गिरणा धरण १९६९ मध्ये, गुजरातेतील उकाई १९७२ मध्ये, भुसावळजवळचे हतनूर १९८२ मध्ये पूर्ण झाले. शेतीला पाणी मिळाले, शहरांची तहान भागली. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या महसीरची वाट मात्र भिंतींनी अडली. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले गेले. मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थांकडे जाऊ लागला. त्यामुळे अनेक भोई-कोळी कुटुंबांना संघटित व्यवसाय मिळाला. जे संस्थेत नव्हते, ते आपल्याच काठावर परके झाले.

१५/
हतनूरच्या फुगवट्याचे पाणी आज चांगदेवपर्यंत पोहोचते. त्या काठावर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसलेला नोकरदार दिसतो, आणि पहाटे जाळे काढून बाजार गाठणारा मासेमारही. दोघांच्या आमिषात फारसा फरक नाही. एकाला रिकाम्या हाताने घरी परतणे परवडते, दुसऱ्याला नाही. पाण्याविषयी पुढचा नियम करताना यांपैकी कोणाला आधी विचारले जाते, यावर या चार हजार वर्षांच्या गोष्टीचे पुढचे पान अवलंबून आहे.