गाणारी ज्योत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे काही रस्ते ज्या दिव्यांनी उजळत, ते निमूटपणे जळत नसत. कार्बनच्या दोन कांड्यांमधील फटीतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की डोळे दिपविणारी प्रज्योत, म्हणजेच आर्क, निर्माण होई. आणि तिच्यासवे गुणगुण व फुसफुसही सुरू होई. ही कटकट थांबावी, एवढीच सर्वांची इच्छा. पण तिच्याकडे कान देणारी दोन माणसे त्या शहरात होती. त्यांची हकीकत आम्हांस वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

पहिल्या हर्था एअर्टन. प्रवाह वाढला की धन कांडीच्या टोकावरील तप्त खळगा पसरतो, त्याला हवेतील प्राणवायू भिडतो आणि प्रज्योत फुसफुसू लागते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. १८९९ साली विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी हा निबंध स्वतः वाचला आणि त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. रॉयल सोसायटीने मात्र १९०२ साली त्यांचे नाव नाकारले. कारण एवढेच, की त्या विवाहित स्त्री होत्या! त्याच सोसायटीने १९०६ साली त्यांना ह्यूझ पदक दिले. काम मान्य, करणारी अमान्य, असा हा न्याय.

दुसरे विल्यम डडेल, हर्थाबाईंच्या पतीचे शिष्य. प्रज्योतीचा स्वभाव उफराटा: प्रवाह वाढला की तिच्या दोन टोकांमधील विद्युत्दाब उतरतो, प्रवाह घटला की चढतो. डडेल यांनी तिच्याशी तारेचे वेटोळे व कंडेन्सर जोडले. विद्युत् त्यांच्यात झोके घेऊ लागली, आणि या उफराट्या स्वभावामुळे प्रत्येक झोक्याला नवा रेटा मिळत गेला. त्या तालावर तप्त वायू फुगे व आकसे; हवा कंप पावे; पडद्यावाचून सूर उमटे. कंडेन्सर बदलला की स्वर बदले. १९०० साली त्यांनी हा शोध त्याच संस्थेपुढे मांडला. पट्ट्या जोडून त्यांनी ज्योतीकडून इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवून घेतले. त्याच वीजपुरवठ्यावरचे दूरचे दिवेही तेव्हा गाऊ लागले, असे सांगतात.

डडेल या शोधातून श्रीमंत झाले नाहीत. पण १९०३ साली डेन्मार्कच्या पाउल्सेन यांनी ज्योत हायड्रोजनयुक्त वायूत व चुंबकीय क्षेत्रात ठेवली, आणि तिचा सूर मानवी कानाच्या पलीकडे गेला. त्यातून बिनतारी संदेशाच्या अखंड लहरी निघाल्या. पुढे निर्वात नलिकांनी तिला निवृत्त केले, हा भाग निराळा.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी परप्रांतीच्या मुक्कामी रात्री रेडिओची खुंटी फिरवीत, खरखरीतून एखादा मराठी शब्द वेचला असेल. ज्या लहरींवरून तो शब्द आला, त्यांच्या पूर्वजांत रस्त्यावरच्या एका दिव्याची कटकटही होती. ती बंद करण्याआधी दोघांनी ती ऐकून घेतली, हे त्यांचे आपणांवर ऋण आहे.