वामनदादांची आशा भाबडी होती काय?

वामनदादा कर्डकांचे नाव निघाले की लोककवी म्हणून त्यांना हात जोडले जातात आणि त्याच दमात कवी म्हणून बाजूला बसवले जाते. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली, स्वतः चाली लावल्या, गावोगाव जाऊन गायली. ‘वाटचाल’ हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ साली आला. पाठोपाठ १९७६ मध्ये ‘मोहळ’ आणि १९७७ मध्ये ‘हे गीत वामनाचे’. जन्मशताब्दीही होऊन गेली. पण मराठी कवितेची गंभीर चर्चा सुरू झाली की हे संग्रह टेबलावर नसतात. का नसतात, याची कारणे दिली जातात आणि ती ठाम असतात. ती कारणे टिकत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

आधी प्रतिपक्ष नीट मांडू. त्याचे आक्षेप चार आहेत. पहिला, वामनदादांनी फार लिहिले. जयंतीला एक, सभेला एक, मोर्चाला एक. प्रसंगापुरते लिहिलेले प्रसंगाबरोबर संपते. दुसरा, चाली उसन्या. सुरुवातच हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या विडंबनाने झाली. तिसरा, ही गौरवगीते आहेत. त्यांत भक्ती आहे, चिकित्सा नाही. चौथा आक्षेप सर्वांत वजनदार. दलित साहित्याने मराठीला जे दिले ते वेदना, नकार आणि विद्रोह या रूपांत दिले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३चा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. या पुस्तकांनी वाचकाची झोप उडवली. त्यांच्या शेजारी वामनदादांचा उजेड आणि निर्धार ठेवला की तो धीर देणारा, म्हणून भाबडा वाटतो. हे म्हणणारे लोक दलित चळवळीचे शत्रू नाहीत. अनेकजण चळवळीतलेच आहेत आणि त्यांचे वाचन दांडगे आहे. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे.

संख्येपासून सुरुवात करू. विपुलता हा दोष कधीपासून झाला? तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांतले सगळे एका तोलाचे नाहीत, हे वारकरीही जाणतो. म्हणून कुणी तुकोबांना कवींच्या पंगतीतून उठवले काय? वामनदादांच्याही अनेक गाण्यांत पुनरुक्ती आहे, काही कडवी केवळ यमकासाठी आली आहेत. हे मान्य. पण कवीची पारख त्याच्या उत्तम रचनांवरून करायची हा नियम सर्वांना लागू असेल, तर तो देशवंडीच्या कवीलाही लागू आहे. शिवाय ही विपुलता आली कुठून ते पाहा. ऐकणाऱ्यांत बहुसंख्य लोक निरक्षर होते. त्यांच्यासाठी गाणे हेच वर्तमानपत्र, तेच पुस्तक, तीच शाळा. शाळा वर्षातून एकदा भरवून चालत नाही.

हे वामनदादांना कुणी सांगावे लागले नाही, कारण निरक्षरतेची झळ त्यांनी सोसली होती. तरुणपणी ते मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत आणि मजुरी करत. तिथे एकाने पत्र वाचून दाखवायला हातात दिले आणि त्यांना वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. इतरांना पाटी म्हणजे मालाची जाहिरात; या माणसाला ती बाराखडीच्या पुढचा धडा होती. अशा माणसाने अक्षरांवर आणि उद्यावर विश्वास ठेवला, तर त्याला भाबडा म्हणायचे की अनुभवी?

आता चालींचा आक्षेप. पहिले गाणे त्यांनी १९४३ साली रचले आणि ते विडंबन होते, हे खरे. पण उसन्या चालीने काव्य हलके होत असेल, तर सगळी मराठी रंगभूमी हलकी ठरवावी लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२चे. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती उघडा. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहून कोणत्या परिचित पदाच्या चालीवर हे म्हणायचे ते स्वच्छ दिलेले असते. त्याला आपण नाट्यसंगीताची परंपरा म्हणतो. मग जलशाच्या, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमाच्या, मंचावर तेच घडले की ती उचलेगिरी कशी? चाल ओळखीची असली की नवे शब्द पेटीविना, पुस्तकाविना, एका रात्रीत दहा गावांत पोहोचतात. सत्यशोधक जलशांनी हे ओळखले होते आणि नाशिककडच्याच भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने १९३०च्या दशकात ते सिद्ध केले होते. वामनदादा त्या वाटेने आले. त्यांना दुसरे काही जमत नव्हते म्हणून आले, असेही नाही. अनंत मानेंच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे आणि ते शृंगाराचे, छेडछाडीचे आहे. गझलही त्यांनी लिहिली. ज्याच्या हाती इतके बाज होते, त्याने जलशाचे गाणे निवडले. ती निवड होती.

तिसरा आक्षेप भक्तीचा. गौरवगीते त्यांनी भरपूर लिहिली, यात वाद नाही. पण ‘भीमा तुझ्या मताचे’ हे त्यांचे गाणे आक्षेपकांनी पुन्हा एकदा शांतपणे ऐकावे. हाक बाबासाहेब आंबेडकरांना आहे, बोल मात्र समोर बसलेल्यांना आहे. बाबासाहेबांच्या मताचे अगदी मोजके लोक जरी खरोखर असते, तर आजचे चित्र वेगळे असते, असे ते गाणे म्हणते. म्हणजे तसे लोक नाहीत, हा आरोप झाला. गाणे एका ‘जर’वर उभे आहे आणि त्या ‘जर’मध्ये सगळ्या अनुयायांची उलटतपासणी आहे. जयंतीला जमलेल्या हजारोंच्या तोंडावर, त्यांच्याच मंचावरून, त्यांच्याच टाळ्या घेत हे सुनावणे ही भक्ती आहे काय? पुढाऱ्यांची फाटाफूट उघड दिसत असताना हे गायला छाती लागते. बिर्ला, बाटा, टाटा यांची नावे घेऊन देशाच्या धनातला आमचा वाटा कुठे आहे, असे रोखठोक विचारणारे गाणेही त्यांचेच. हिशेब मागणाऱ्याला भक्त म्हणत नाहीत.

आणि आता मुख्य आक्षेप: आशा. इथे प्रतिपक्षाच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत आहे. ते असे की दुःख खरे असते आणि आशा बनावट. दुःख जगण्यातून येते, आशा प्रचारातून. हे गृहीत कुठून आले? ते वाचकाच्या सोयीतून आले, असे मला वाटते. दलितांच्या वेदनेपुढे हळहळणे सवर्ण वाचकाला जमते. दलिताच्या आत्मविश्वासापुढे त्याला काय करावे हे सुचत नाही.

नाशिकचाच इतिहास घ्या. काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. बंद दारापुढे बसून राहण्याऐवजी त्यांनी रस्ताच बदलला. या साडेपाच वर्षांत देशवंडीचा मुलगा सात वर्षांचा तेरा वर्षांचा झाला. त्याच्या आशेचे मूळ इथे आहे. कुणी दार उघडेल अशी ती आशा नव्हती. दार न उघडले तरी आपण चालू शकतो, ही ती आशा. पहिल्या संग्रहाचे नाव ‘वाटचाल’ आहे, हे अशा वेळी मुद्दाम लक्षात घ्यावे. भाबडी आशा माणसाला वाट पाहायला बसवते. वामनदादांची गाणी उठायला, शिकायला, संघटित व्हायला सांगतात. त्यांच्या ‘तुफानातले दिवे’ या गाण्यातही तुफान नाकारलेले नाही. ते गृहीत धरूनच गाणे सुरू होते.

एक तुलना नाशिककरांनी करून पाहावी. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२चा. ऐन विशीत ते काळाराम सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले होते आणि त्यांच्या क्रांतिगीतांतला आशावाद मराठीने डोक्यावर घेतला. योग्यच केले. मग तीच उमेद वामनदादांच्या ओठी आली की तिचे नाव प्रचार कसे होते? आशय फारसा बदलत नाही. बदलते ती कवीची आणि श्रोत्यांची वस्ती. हा निकष साहित्याचा म्हणायचा काय?

‘गोलपिठा’ आणि ‘वाटचाल’ यांच्यात एकाच वर्षाचे अंतर आहे. ढसाळांनी भाषेचे सोवळे फाडले आणि ते काम दुसऱ्या कुणाला जमले नसते. पण संताप पेटला म्हणजे चळवळ चालतेच असे नाही. तिला सकाळी पुन्हा कामाला लागावे लागते, मुलाला शाळेत घालावे लागते, हरलेल्या मोर्चानंतर पुढचा मोर्चा काढावा लागतो. त्यासाठी लागणारे बळ कुठल्या तरी साहित्याने पुरवलेले असते. बागुलही नाशिकचे, वामनदादाही नाशिकचे. एकाने जखम दाखवली, दुसऱ्याने चालायला लावले. यांतला एक खरा आणि दुसरा खोटा, असे ठरवण्याची गरज फक्त समीक्षेला पडली. वस्त्यांनी दोघांनाही ठेवून घेतले.

पुरावे समोर आहेत. प्रतिपक्षाला अजूनही वामनदादा कवी वाटत नसतील, तर त्यांनी आशेखेरीज दुसरे कारण द्यावे. संख्या, चाल आणि भक्ती ही तीन कारणे तपासून झाली. चौथे कारण तर कवीपेक्षा समीक्षकाच्या सवयीबद्दलच जास्त सांगते. तोवर मराठी कवितेच्या अभ्यासक्रमात आणि प्रातिनिधिक संग्रहांत वामनदादांची जागा मागणे ही मेहेरबानीची याचना नाही. ते थकलेले देणे आहे. निकाल वाचकांनी द्यावा. मात्र आधी ती गाणी ऐकावीत.