रहस्यपट, मराठी

एखाद्या गुन्ह्याचे, मृत्यूचे किंवा व्यक्तीच्या ओळखीचे गूढ राखून प्रेक्षकाला त्याच्या उकलीत गुंतवणारा चित्रपट. मराठीत या प्रकाराची वाचनपरंपरा भरघोस आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी वाचनालयांची कपाटे भरली. पडद्यावर मात्र गुप्तहेर क्वचितच आला. मराठी चित्रपटातले गूढ बहुधा घरातले किंवा गावातले असते, आणि त्याचा छडा लावणारा माणूस वकील, डॉक्टर नाहीतर मास्तर असतो.

या प्रकारातला पहिला पाहावा असा चित्रपट ‘पाठलाग’ (1964). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी तो दिग्दर्शित केला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलापुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. भावना आणि काशीनाथ घाणेकर यांच्या भूमिका, दत्ता डावजेकरांचे संगीत. संसारातल्या खाजगी आठवणी इथे भर न्यायालयात पुरावा म्हणून तपासल्या जातात; चित्रपटाची खरी धार तिथे आहे. राज खोसला यांनी यावरूनच साधना व सुनील दत्त यांना घेऊन ‘मेरा साया’ (1966) काढला. तो अधिक गाजला, पण मूळ चित्रपटाचा आटोपशीरपणा त्यात नाही.

‘सामना’ (1974) सहसा राजकीय चित्रपट म्हणून ओळखला जातो; त्याची बांधणी मात्र अस्सल रहस्यपटाची आहे. गावात आलेल्या एका व्यसनी, विपन्न मास्तराच्या, एका जुन्या स्वातंत्र्यसैनिकाच्या, कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. त्या माणसाचे काय झाले, एवढेच तो विचारत राहतो, आणि साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या साम्राज्याला त्या प्रश्नाने हादरे बसतात. दोषी कोण हे प्रेक्षक लवकर ओळखतो. तोंड कोण उघडणार, याचा ताण शेवटपर्यंत टिकतो. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, श्रीराम लागू व निळू फुले यांची जुगलबंदी. मारुती कांबळे झाले मोहन आगाशे. निर्माते कवी रामदास फुटाणे हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडचे. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली, आणि इथलेच पारनेर हे स्वातंत्र्यसैनिक सेनापती बापटांचे जन्मगाव. कारखान्याचा अध्यक्ष आणि ध्येयापायी आयुष्य उधळलेला जुना स्वातंत्र्यसैनिक, ही दोन्ही माणसे पारनेर-जामखेडच्या प्रेक्षकाला ओळखीची होती. 1975 मध्ये हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवडला गेला.

वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) मध्ये नरसूचे भूत आशा काळे यांच्या नायिकेला छळते. भूत खरे की मनातले, हा पेच घाणेकरांच्या डॉक्टरपुढे आहे. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आजही ऐकली जातात, तरी ती बाजूला ठेवून भीतीची चढती कमान पाहण्याजोगी आहे.

नंतरच्या काळात अजय फणसेकरांचा ‘रात्र आरंभ’ (1999) आणि चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (1999) उल्लेखनीय. ‘बिनधास्त’मधली खुनाची गोष्ट जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांच्या भूमिकांवर उभी आहे; प्रियदर्शन यांनी तिच्यावरून तमिळमध्ये चित्रपट केला. निखिल महाजन यांच्या ‘पुणे 52’ (2013) मध्ये अखेर खाजगी गुप्तहेर नायक झाला. गिरीश कुलकर्णी यांनी तो रंगवला आहे.

नव्या प्रेक्षकाने ‘पाठलाग’ आधी आणि ‘मेरा साया’ नंतर पाहावा. उलट क्रमाने पाहिल्यास मूळ चित्रपटातील रहस्य आधीच फुटलेले असते.