साठचं दशक, सुरत जिल्हा आणि आपले गोंयकार

साठच्या दशकातल्या जगाच्या लोकप्रिय संगीताचा विषय निघाला की बोलणं लिव्हरपूलच्या चौघांपासून सुरू होतं आणि १९६९ च्या वुडस्टॉकपाशी येऊन थांबतं. मध्ये डेट्रॉइटचं मोटाऊन येतं, ब्राझीलचा बोसा नोव्हा येतो, जमैकाचा स्का येतो. आपण भारतीय या गोष्टीत फक्त दोनदा डोकावतो. एकदा १९६७ च्या जूनमध्ये पंडित रविशंकर माँटेरेच्या महोत्सवात वाजवतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा १९६८ च्या सुरवातीला बीटल्स हृषीकेशला येतात तेव्हा. बाकी सगळा वेळ आपण नुसते ऐकणारे, असा एक समज पक्का होऊन बसला आहे.

मला तो पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर मंडळी, आज जरा आडवाटेने जावं लागेल. लंडन-न्यूयॉर्क राहू दे बाजूला, आपण सुरत गाठूया.

सुरत म्हणजे आजचं हिऱ्यांचं आणि कापडाचं शहर नव्हे, जुना सुरत जिल्हा. १ मे १९६० पर्यंत मुंबई आणि सुरत एकाच राज्यात होती. तेव्हाचा हा जिल्हा चांगला ऐसपैस होता. आजचं वलसाड, म्हणजे जुनं बुलसार, त्यातच होतं. त्याचा वेगळा जिल्हा झाला १९६४ साली. डांगच्या जंगलाला लागून असलेलं वांसदा हे छोटं संस्थान इंग्रजांच्या अमदानीत सुरत एजन्सीखाली येई. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं आणि आज ते नवसारी जिल्ह्यात आहे. या दोन गावांनी साठच्या दशकाच्या संगीताला दोन माणसं दिली. वांसद्याचा जयकिशन डाह्याभाई पांचाळ आणि बुलसारच्या आडनावाचा फारुख बुलसारा. पहिला शंकर-जयकिशन जोडीतला धाकटा. दुसऱ्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं.

आधी फारुखचं सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. आडनाव बुलसारचं असलं तरी त्याचा जन्म १९४६ मध्ये झांझिबारला झाला. वडील तिथल्या ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल, म्हणजे आमच्याच पंगतीतले. आठ वर्षांचा असताना त्यांनी मुलाला शिकायला पाठवलं ते विलायतेला नव्हे, आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८ साली चार वर्गमित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यातला एक मित्र पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, एक विलायतेत नट झाला. ही पोरं क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी वाजवत. लक्षात घ्या, बीटल्सची पहिली तबकडी बाहेर पडली १९६२ च्या ऑक्टोबरात. त्याच्या चार वर्षं आधी सह्याद्रीच्या माथ्यावर रॉक अँड रोल वाजत होतं. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारला क्रांती झाली, बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला, आणि फारुख बुलसारा हे नाव मागे पडलं. नावातून बुलसार गेलं, पाचगणीही कोणाला ठाऊक राहिली नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात तो वारला तेव्हा अंत्यविधी मात्र पारशी पद्धतीने झाला.

आता जयकिशन. वांसद्याला पेटी शिकलेला हा मुलगा मुंबईत आला, तिथे विनायक तांबे यांच्याकडे काही काळ शिकला आणि शंकरशी गाठ पडून पृथ्वी थिएटरमध्ये पेटीवाला म्हणून लागला. १९४९ च्या 'बरसात'पासून पुढचं सर्वांना माहीत आहे. साठच्या दशकात तर या जोडीने धमाल उडवली. 'जंगली' (१९६१), 'जानवर' (१९६५), 'गुमनाम' (१९६५), 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस' (१९६७)... शम्मी कपूरच्या त्या मान उडवण्यामागे अमेरिकेतला एल्व्हिस होता, ट्विस्ट होता, गिटार होती. 'जानवर'मध्ये तर बीटल्सच्या एका गाण्याची चालच सरळ उचललेली आहे. मूळ गाणं १९६३ च्या अखेरचं. म्हणजे विमान, टपाल आणि तबकडी यांच्या त्या काळच्या वेगाने ते दीड-दोन वर्षांत दादरच्या थिएटरात पोचलं होतं.

हे नुसतं उचलेगिरी म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या दशकात सगळं जगच एकमेकांचं उचलत होतं. बोसा नोव्हा म्हणजे सांबा आणि जॅझ यांचं लग्न. बीटल्सने सुरवातीला वाजवलं ते अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं रॉक अँड रोल. १९६३ मध्ये क्यू साकामोटो या जपानी गायकाचं जपानी भाषेतलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या तबकडीवर सतार वाजवली. तिकडे सतार गेली, इकडे ड्रम आले. हिशेब बरोबरीचा.

पण आता खरा प्रश्न येतो. जयकिशन पेटीवर चाल बांधणारा. शंकर मूळचा तबलजी. मग व्हायोलिनांचा तो ताफा, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन, एका वेळी पन्नास-साठ वादक, यांनी काय वाजवायचं हे कागदावर उतरवलं कोणी? आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच सूर चालतो. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार सूर एकत्र उभे राहतात आणि मुख्य चालीच्या पाठीमागे दुसरी चाल चालत असते, जिला वादक लोक ऑब्लिगातो म्हणतात. ते सगळं पाच रेघांच्या नोटेशनमध्ये आधी लिहावं लागतं. मग प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याचा त्याचा कागद लावतात, आणि तो कागद पाहून तो तिथल्या तिथे वाजवतो. हे लिहिणारा माणूस म्हणजे अ‍ॅरेंजर.

शंकर-जयकिशनचा अ‍ॅरेंजर होता सेबॅस्टियन डिसोझा, आपल्या बार्देशातल्या रेइश मागुशचा. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्याचा बँड होता. फाळणी झाली आणि तो मुंबईला आला. पन्नाशीच्या सुरवातीपासून सुमारे दोन दशकं या जोडीची बहुतेक गाणी त्याच्या हाताखालून गेली. आणि गंमत बघा, या जोडीचा दुसरा सहायक दत्ताराम वाडकर, तोही गोव्यातच जन्मलेला. ढोलकीवरचा त्याचा ठेका अजून 'दत्ताराम ठेका' म्हणूनच वाजवला जातो. २००७ साली तो गोव्यातच वारला. म्हणजे सुरतेकडच्या माणसाच्या चालीला एका बाजूने बार्देशचा ख्रिस्ती ऑब्लिगातो देई आणि दुसऱ्या बाजूने मराठी बोलणारा गोंयकार ठेका धरी. हिंदी सिनेमाचं ते झगमगतं 'वेस्टर्न' संगीत आतून असं होतं.

हे गोंयकार मुंबईत इतके कसे? याचं उत्तर आपल्या इगर्जींत आहे. पोर्तुगीज काळात इगर्जीला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोलफेज शिकवत, म्हणजे नोटेशन वाचून गाणं. व्हायोलिनही हातात देत. त्यामागचा हेतू धर्माचा होता हे उघड आहे, पण त्यामुळे झालं असं की गावागावांत नोटेशन वाचणारी पोरं तयार झाली आणि गावात त्यांना काम काही नव्हतं. ती बाहेर पडली. धोबीतलावच्या कुडींत राहून संस्थानिकांच्या बँडांत, इंग्रजांच्या क्लबांत, आगबोटींवर, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली. मग इंग्रज गेले, संस्थानं गेली, आणि मुंबईत दारूबंदी आली तशी हॉटेलांतली रात्रीची कामंही आटली. उरला सिनेमा. सिनेमाला नोटेशन वाचणारी माणसं हवीच होती.

त्यातच दिल्लीला बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री होते. आपलेच मराठी, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. आकाशवाणीवर सिनेसंगीत नको असा त्यांचा आग्रह. परिणाम असा झाला की १९५२ च्या अखेरीपासून सगळा देश रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायला लागला. १९५७ मध्ये सरकारलाच विविधभारती काढावी लागली. सिलोनवर हिंदी गाण्यांच्या जोडीला इंग्रजी गाणीही लागत, त्यामुळे वांसद्याची चाल आणि लिव्हरपूलची चाल एकाच डबड्यातून घरात येत होती.

मी स्वतः कारकून माणूस. आमच्या कचेरीत एक साधा नियम आहे. ज्याची फायलीत नोंद नाही ते घडलंच नाही. सिनेमाची फाईल म्हणजे सुरवातीची श्रेयनामावली. तिथे संगीत शंकर-जयकिशन, खाली बारीक अक्षरांत सहायक दत्ताराम आणि सेबॅस्टियन. बाकीच्या पन्नास-साठ वादकांचं नाव कुठेही नाही. 'गुमनाम'मधलं मुखवटे घालून नाचण्याचं ते प्रसिद्ध गाणं घ्या. पडद्यावर दिसणाऱ्या टेड लायन्सच्या बँडचं नाव ड्रमवर ठळक लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात कोणी वाजवलं याची नोंद मात्र चित्रपटात नाही. हेच गाणं २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या सुरवातीला आलं, २०११ मध्ये बिअरच्या जाहिरातीत जगभर वाजलं. सिनेमाचं नावच गुमनाम, आणि वादकही गुमनाम.

याला एक सुंदर अपवाद आहे. १९६८ मध्ये शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाईल' ही तबकडी निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे एकूण ११ राग, सतारीवर रईस खान आणि भोवती जॅझचा ताफा. सिनेमाशी काही संबंध नाही. लंडनमध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांनी असाच प्रयोग १९६६ मध्ये केला होता. आणि १९६८ च्याच जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईला एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करत होता. या तबकडीवर वादकांना नावं मिळाली, आणि ती वाचताना गावच्या फेस्ताची यादी वाचल्यासारखं वाटतं. ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर अनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी त्रावास, पियानोवर लुसिला पाशेको. सिनेमातून बाहेर पडल्याबरोबर माणसं दिसू लागली.

जयकिशनचं मोठेपण यात कमी होत नाही. चाल त्याचीच, आणि कोणाकडून काय करून घ्यायचं ही जाणही त्याचीच. १९७१ च्या सप्टेंबरात तो ऐन उमेदीत गेला तेव्हा मुंबईचे वादक पोरके झाले असतील. पण घर बांधणाऱ्याचं नाव लिहिताना गवंड्याचं पुसायचं कारण नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसचंच बघा. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना शिकवणारा हा माणूस १९५८ मध्ये मुंबईत राग आणि सिंफनी एकत्र वाजवून बसला होता. लोकांना ते आठवत नाही. प्यारेलालने गुरूची आठवण म्हणून त्याचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त घातलं आणि ते पोराटोरांच्या तोंडी झालं. पण ते अमिताभच्या पात्राचं नाव म्हणून. खरा अँथनी तेव्हा जिवंत होता. तो २०१२ मध्ये वारला. अशोक राणे यांनी त्याच्यावर माहितीपट केला, ही मराठी माणसाने केलेली मोठी नोंद. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना गाठून, त्यांच्याशी बोलून २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. आपण घरच्या घरी होतो, आपल्याला ते सुचलं नाही. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची गाणी आपण लग्नांत नाचायला लावली, पण 'नाचूंया कुंपासार' येईपर्यंत नव्या पोरांना त्यांच्यामागची कहाणी ठाऊक नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. साठच्या दशकात जगाचं संगीत आपल्याकडे 'आलं' असं म्हणणं अर्धं खरं आहे. ते वाचू शकणारी, लिहू शकणारी, त्यात आपला सूर मिसळू शकणारी माणसं आधीच इथे होती. एक बुलसारच्या आडनावाचा, त्याने नाव बदललं आणि जगभर गाजला. एक वांसद्याचा, त्याचं नाव पाटीवर लागलं. आणि शंभरेक गोंयकार, ज्यांची नावं पाटीवर लागलीच नाहीत.

आपल्या वाड्यावर अजून जुनी घरं आहेत. भिंतीवर सूट घातलेल्या, हातात ट्रम्पेट किंवा व्हायोलिन धरलेल्या आजोबांचा फोटो आहे. 'मुंबईला वाजवायचे' एवढंच घरचे सांगतात. कोणत्या साली, कोणत्या स्टुडिओत, कोणाकडे, कोणत्या सिनेमात, हे सांगू शकणारी म्हातारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांना विचारा. सांगतील ते त्या फोटोच्या पाठीमागे पेनाने लिहून ठेवा, तारखेसकट. नोंद झाली की ते घडलं होतं हे तरी राहील.