ग्राफिक्स कार्डचे द्रवशीतन : उपयोग, मर्यादा आणि घ्यावयाची दक्षता

संगणकीय खेळांतील दृश्ये पडद्यावर साकारणारे ग्राफिक्स कार्ड हा आज खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकातील सर्वाधिक वीज वापरणारा घटक ठरला आहे. एनव्हिडिया कंपनीच्या २०२० मधील आरटीएक्स ३०९० या कार्डाचा निर्धारित वीजवापर ३५० वॅट होता. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० साठी तो ४५० वॅट, तर जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ५०९० साठी ५७५ वॅट इतका आहे. ही जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता वेळीच बाहेर न पडल्यास चिप आपली कार्यगती स्वतःहून कमी करते.

ही उष्णता केवळ पंख्याच्या हवेने न घालवता पाण्यासारख्या द्रवाच्या साहाय्याने वाहून नेण्याच्या पद्धतीस द्रवशीतन असे म्हणतात. ही पद्धत प्रभावी आहे. तथापि ती खर्चिक असून तिच्यात गळतीचा धोकाही आहे. त्यामुळे तिच्यापासून काय साध्य होते आणि काय होत नाही, हे खरेदीपूर्वी समजून घेणे हिताचे ठरते.

कार्यपद्धती

समान आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेऊ शकते. पाण्याची उष्णता वाहकताही हवेच्या वीस पटींहून अधिक आहे. द्रवशीतनाचा सारा आधार या दोन गुणधर्मांवर आहे.

चिपवर सूक्ष्म खाचा असलेला तांब्याचा ठोकळा बसविला जातो. त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. पंपाच्या साहाय्याने शीतक द्रव या खाचांतून फिरतो, चिपची उष्णता घेतो आणि नळीवाटे रेडिएटरकडे जातो. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून पंखे हवा खेळवतात, तेथे द्रव थंड होतो आणि पुन्हा चिपकडे परततो. मोटारीच्या इंजिनातील रेडिएटरचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

या अभिसरणाची क्षमता एका साध्या हिशेबावरून लक्षात येते. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर ४५० वॅट उष्णता घेऊनही त्या पाण्याचे तापमान एका फेरीत केवळ साडेसहा अंश सेल्सियसने वाढते.

२०१३ ते २०१५ मधील अनुभव

द्रवशीतनाचे लाभ आणि मर्यादा या दोन्हींचे बोलके उदाहरण एएमडी या अमेरिकी कंपनीच्या तीन कार्डांमध्ये आढळते. ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेले रेडिऑन आर९ २९०एक्स हे कार्ड हवेने थंड होणारे होते. त्याची चिप ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापू देण्याची मुभा कंपनीनेच ठेवली होती. पंख्याचा मोठा आवाज हा त्या कार्डाविषयीच्या टीकेचा प्रमुख मुद्दा ठरला.

एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने त्याच रचनेच्या दोन चिप एकाच कार्डावर बसवून आर९ २९५एक्स२ सादर केले. त्याचा निर्धारित वीजवापर ५०० वॅट होता. डेन्मार्कमधील असेटेक कंपनीने त्यासाठी बंदिस्त द्रवशीतन संच पुरविला. उष्णता जवळपास दुप्पट होऊनही चिपच्या तापमानाची मर्यादा ७५ अंशांवर ठेवणे त्यामुळे शक्य झाले. हे द्रवशीतनाचे निर्विवाद यश होते.

जून २०१५ मध्ये आलेल्या आर९ फ्युरी एक्सची कथा काहीशी वेगळी आहे. २७५ वॅटच्या या कार्डालाही कारखान्यातूनच द्रवशीतन संच जोडलेला होता. कार्ड आखूड होते आणि चिपही थंड राहत असे. निर्धारित मर्यादेपलीकडे गती वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी ते आदर्श ठरेल, असे अनावरणाच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र गती फारशी वाढविता आली नाही, कारण अडसर तापमानाचा नव्हे, तर चिपच्या रचनेचाच होता. त्याच किमतीचे आणि केवळ हवेने थंड होणारे एनव्हिडियाचे जीटीएक्स ९८० टीआय हे कार्ड अनेक खेळांत त्याच्या बरोबरीचे वा त्याहून सरस ठरले. सुरुवातीच्या काही फ्युरी एक्स कार्डांतील पंपांमधून तीक्ष्ण आवाज येत असल्याच्या तक्रारीही झाल्या आणि कंपनीला पुढील उत्पादनात सुधारणा करावी लागली.

यावरून असे दिसते की, द्रवशीतन चिपला थंड ठेवते. परंतु चिपच्या अंगी नसलेली क्षमता तिला देऊ शकत नाही.

गतीपेक्षा शांतता महत्त्वाची

आधुनिक ग्राफिक्स कार्ड तापमान पाहून आपली गती सतत कमीअधिक करीत असते. चिप थंड राहिल्यास ती वरच्या गतीवर अधिक काळ टिकते; मात्र मूळचे वायुशीतन पुरेसे असेल, तर ही वाढ साधारणतः काही टक्क्यांचीच असते. खरा लाभ आवाजाच्या बाबतीत होतो. रेडिएटरचा पृष्ठभाग जितका मोठा, तितके त्यावरील पंखे सावकाश फिरविता येतात आणि संगणक शांत राहतो.

दरम्यानच्या काळात वायुशीतनानेही प्रगती केली आहे. आरटीएक्स ५०९० ची एनव्हिडियाने स्वतः तयार केलेली आवृत्ती ५७५ वॅट इतक्या वीजवापरानंतरही दोन पंख्यांवर चालते आणि कॅबिनेटमध्ये केवळ दोन खाचांची जागा घेते. त्यामुळे द्रवशीतनाविना शक्तिशाली कार्ड वापरताच येत नाही, असे म्हणता येणार नाही.

खोलीचे तापमान हीच मर्यादा

रेडिएटरमधील द्रव खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड होऊ शकत नाही. खोलीचे तापमान २५ अंश असताना चिप ५५ अंशांवर राहत असेल, तर उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर गेल्यावर तीच चिप सुमारे ७० अंशांवर जाईल. विदर्भापासून राजस्थानपर्यंतच्या कडक उन्हाळ्यात ही बाब ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

द्रवशीतनामुळे उष्णता नष्ट होत नाही, तिची केवळ जागा बदलते. ४५० वॅटचे कार्ड पूर्ण क्षमतेने दोन तास चालल्यास ०.९ युनिट वीज खर्च होते आणि तेवढी उष्णता खोलीतच सोडली जाते. खोली वातानुकूलित असल्यास तिचा भार वातानुकूलन यंत्रावर पडतो.

दोन प्रकार

पहिला प्रकार बंदिस्त संचाचा आहे. यात पंप, नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातच जोडून द्रव भरलेला असतो. वापरकर्त्याला केवळ रेडिएटर कॅबिनेटमध्ये बसवावा लागतो. देखभाल जवळपास नसते, परंतु पंप बंद पडल्यास किंवा द्रव कमी झाल्यास दुरुस्तीला बहुधा वाव नसतो.

दुसऱ्या प्रकारात वॉटर ब्लॉक, पंप, टाकी, नळ्या आणि रेडिएटर स्वतंत्रपणे खरेदी करून जोडणी केली जाते. कार्डाचा संपूर्ण पृष्ठभाग झाकणारा ब्लॉक चिपसह स्मृतिचिप आणि वीज नियंत्रित करणारे घटकही थंड ठेवतो. मात्र असा ब्लॉक त्या विशिष्ट कार्डासाठीच बनविलेला असतो. कार्ड बदलल्यास तो बहुधा निरुपयोगी ठरतो आणि हा खर्च पुन्हा करावा लागतो.

घ्यावयाची दक्षता

गळती हा सर्वांत मोठा धोका होय. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी विजेचे मंद वाहक असले, तरी धातू आणि धुळीच्या संपर्काने त्यात क्षार मिसळतात आणि ते विजेचे वाहक बनते. म्हणून नवी जोडणी केल्यावर संगणकाचे इतर भाग बंद ठेवून केवळ पंपाला वीज द्यावी आणि सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून चोवीस तास निरीक्षण करावे, अशी प्रथा आहे.

तांबे आणि ॲल्युमिनियम हे धातू एकाच अभिसरणात वापरू नयेत. द्रवाच्या सान्निध्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. नळाचे पाणी वापरणेही कटाक्षाने टाळावे. त्यातील क्षारांचे थर सूक्ष्म खाचांत साचतात. गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव्ये असलेला शीतक वापरून तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

अभिसरणातील हवा सर्वांत उंच जागी जमा होते. त्यामुळे पंप हा सर्वांत उंच भाग असू नये, अन्यथा त्यात हवा अडकून आवाज होतो आणि पंपाचे आयुष्य घटते. तसेच कार्डाचे मूळ पंखे काढून ब्लॉक बसविल्यास हमीवर काय परिणाम होईल, याची विक्रेत्याकडून लेखी खातरजमा करून घेणे श्रेयस्कर ठरते.

निर्णय कसा घ्यावा

कॅबिनेटमधील साचलेली धूळ, हवा येण्याजाण्याचे बंद झालेले मार्ग आणि चिपवरील सुकलेला उष्णतावाहक लेप ही कार्ड तापण्याची नेहमीची कारणे आहेत. ती अल्प खर्चात दूर करता येतात. असे करूनही कार्ड आपली गती कमी करीत असेल किंवा पंख्यांचा आवाज असह्य होत असेल, तरच द्रवशीतनाचा विचार करणे योग्य ठरेल. केवळ अधिक गतीच्या अपेक्षेने खर्च करावयाचा असल्यास तीच रक्कम मुळातच अधिक क्षमतेच्या कार्डासाठी वापरणे बहुतांश वेळा लाभदायक ठरते.